पहिला फोन कोण करणार?

मागच्या अंकात ‘कंपन्या, कारखाने आणि दहशतवादी हल्ले’ या विषयावर प्रश्न मागवले होते. बरीच पत्रं आली, त्यातली सहा इथे घेतली आहेत. उत्तर देणारी मी कोण, हे आधी सांगायला हवं. १९८९ साली फोर्टमधल्या एका खाजगी कंपनीत मी टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागले आणि तीस वर्षांनी दुसऱ्या एका कंपनीतून प्रशासन आणि सुरक्षा विभागाची प्रमुख म्हणून निवृत्त झाले. पोलिसात किंवा सैन्यात मी कधीच नव्हते. टेलिफोनचा बोर्ड, गेट, जिने, चाव्या आणि माणसं यांच्याशी रोज संबंध आला. जे सांगते ते तिथूनच आलेलं आहे.

आमच्या कंपनीत तीन हजार लोक आहेत. चेहरा ओळखणारे कॅमेरे आणि बॅगा तपासायचं यंत्र घ्यायचं ठरलं आहे. एवढं पुरेल का? व्यवस्थापनाकडे आणखी काय मागावं?
— मनुष्यबळ विभागातल्या वाचक, हिंजवडी

यंत्रं जरूर घ्या. पण ती बसणार पुढच्या दारात. कँटीनचा भाजीचा टेम्पो कुठून आत येतो, ते एकदा पहाटे साडेपाचला स्वतः उभं राहून बघा. २६/११ नंतर रतन टाटांनी जाहीरपणे सांगितलं होतं, की ताजला आधी इशारा मिळाला होता, काही बंदोबस्तही केला होता, पण हल्लेखोर त्या दारातून आलेच नाहीत, मागून आले.

पण मागायचंच झालं तर मी सगळ्यात आधी, या क्षणी इमारतीत कोण कोण आहे, त्याची यादी मागेन. त्याचं कारण सांगते.

१२ मार्च १९९३, शुक्रवार. दुपारी दीडच्या सुमाराला मुंबई शेअर बाजाराच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडीत ठेवलेला बॉम्ब फुटला. आमचं ऑफिस तिथून चालत पाच मिनिटांवर. आमच्या खिडक्यांच्या काचा आत आल्या, मी बोर्डाखाली वाकले म्हणून वाचले. पुढच्या दोन तासांत एअर इंडियाच्या इमारतीपासून शहरभर स्फोट होत गेले, २५७ माणसं गेली. आम्हाला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. माझ्यासमोर होते ते बोर्डावरचे दिवे, आणि प्रत्येक दिव्यामागे कुणाची तरी बायको, कुणाची तरी आई. ‘आमचे हे आहेत का हो तिथे?’ मला सांगता येईना. मस्टर टाइमकीपरच्या कपाटात, कपाटाला कुलूप, टाइमकीपर जेवायला बाहेर. शेवटी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर मी नावं लिहायला घेतली, जो समोर दिसेल त्याच्यापुढे खूण. एक मुलगा बँकेत चेक भरायला गेला होता. त्याच्या आईचे सहा फोन आले. साडेसातपर्यंत मी त्या माऊलीला ‘शोधतोय’ एवढंच सांगत राहिले. तो फोर्टपासून परळपर्यंत चालत घरी पोचला होता.

तुमच्याकडे आता कार्ड पंच होतं, त्यामुळे यादी एका क्लिकवर मिळते असं तुम्हाला सांगितलं जाईल. इमारतीची वीज गेल्यावर ती कुठे दिसते, हे विचारा. आणि त्यात हाउसकीपिंगच्या मावशी, कँटीनची मुलं, कॅबचे ड्रायव्हर, एसी दुरुस्तीला आलेला माणूस आहेत का? कंत्राटी माणसांची नावं बहुतेक ठिकाणी ठेकेदाराच्या वहीत असतात आणि वही ठेकेदाराच्या घरी.

दुसरं, सराव. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये मॉर्गन स्टॅन्ली या कंपनीचे सुरक्षाप्रमुख रिक रिस्कोर्ला यांनी तळघरातून धोका आहे असं आधीच बजावलं होतं. फेब्रुवारी १९९३ मध्ये तिथेच ट्रक-बॉम्ब फुटला. त्यानंतर त्यांनी दर तीन महिन्यांनी कर्मचाऱ्यांना जिने उतरायला लावलं. मोठमोठे पगार घेणारे दलाल कुरकुर करायचे, काम थांबतं म्हणायचे. ११ सप्टेंबर २००१ ला शेजारच्या टॉवरवर विमान आदळलं तेव्हा त्यांच्या टॉवरमध्ये ‘जागेवरच थांबा’ अशी घोषणा झाली. ती न मानता त्यांनी हातात भोंगा घेऊन माणसं खाली काढली. त्या कंपनीचे सुमारे २,७०० लोक तिथे होते, जवळजवळ सगळे वाचले. रिस्कोर्ला राहिलेल्यांना शोधायला पुन्हा वर गेले आणि परत आले नाहीत.

आमच्याकडचा २००९ चा सराव सांगते. चौथ्या मजल्यावरच्या मागच्या जिन्याला साखळी आणि कुलूप, कारण पोरं तिथे सिगारेट ओढायची. चावी सुपरवायझरकडे, सुपरवायझर गावाला. दीडशे माणसं त्या दारापाशी सव्वीस मिनिटं उभी होती. त्या दिवशी खरोखर काही झालं असतं तर, हा विचार आजही मला झोपेतून उठवतो.

सराव एकाच प्रकारचा करू नका. आग लागली तर बाहेर पडायचं. गोळीबार सुरू असेल तर बाहेर पडायची वाट मोकळी असेल तरच पडायचं, नाहीतर दार लावून, दिवे घालवून, फोन मुका करून बसायचं. कामा रुग्णालयात २६/११ च्या रात्री परिचारिका अंजली कुलथे यांनी वीस गरोदर बायकांना एका खोलीत नेऊन दारं लावली, म्हणून त्या वाचल्या. आता तुमच्या कार्डाने उघडणाऱ्या दारांचं बघा. आगीची घंटा वाजली की ती बहुधा आपोआप सुटतात. म्हणजे गोळीबारात कुणी घाबरून घंटा दाबली तर लपलेल्या माणसांची दारं उघडतील. तुमच्याकडे काय होतं ते तंत्रज्ञाला विचारा.

आणि जमायची जागा पार्किंगमध्ये ठेवू नका. २६ जुलै २००८ ला अहमदाबादमध्ये जखमींना जिथे आणत होते त्या सिव्हिल हॉस्पिटलमध्येच गाड्यांमधले बॉम्ब फुटले. पहिल्या स्फोटानंतर माणसं कुठे गोळा होतील, याचा हिशेब करणारे लोक आहेत.

ताई, मी ऐरोलीला एका कंपनीत गेटवर ड्यूटी करतो. नियमाप्रमाणे साहेबांच्या गाडीची डिकी उघडायला सांगितली. साहेब सगळ्यांसमोर ओरडले. दुसऱ्या दिवशी एजन्सीने माझी साइट बदलली. माझं काय चुकलं?
— एक सुरक्षा रक्षक

दादा, तुमचं काहीही चुकलं नाही. हे मी आधी लिहिते, कारण हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल.

२६/११ च्या हल्ल्यासाठी मुंबईची टेहळणी करणाऱ्या डेव्हिड हेडलीचं नाव तुम्ही ऐकलं असेल. २६/११ च्या आधी दोन वर्षं तो मुंबईत ये-जा करत होता. अमेरिकन पासपोर्ट, नवं ख्रिस्ती नाव, फर्डं इंग्रजी, शहरात थाटलेलं स्वतःचं ऑफिस. ताजमध्ये तो पाहुणा म्हणून राहिला आणि आतलं चित्रीकरण करून गेला. २०१३ साली शिकागोच्या न्यायालयाने त्याला ३५ वर्षांची शिक्षा दिली. अशा माणसाला गेटवर कोण अडवणार? तो साहेबासारखाच दिसत होता. साहेबासारख्या दिसणाऱ्याला न अडवण्याची सवय ज्या गेटला लागली, ते गेट हेडलीसाठी उघडंच आहे. तुमच्या साहेबांच्या हे लक्षात आलेलं नाही.

मी प्रमुख झाले तेव्हा आमच्या एमडींकडे एकच विनंती घेऊन गेले होते. सोमवारी सकाळी नऊला, गेटवर गर्दी असताना, तुम्ही स्वतः खाली उतरून डिकी उघडा आणि रक्षकाला ‘बघून घ्या’ म्हणा. त्यांनी केलं. त्यानंतर वर्षभर एकाही मॅनेजरने वाद घातला नाही. लाखो रुपयांच्या कॅमेऱ्यांनी जमलं नसतं ते त्या अर्ध्या मिनिटात झालं.

तुमच्यासाठी व्यवहाराची गोष्ट अशी: नव्या साइटवर गेलात की गेटची लेखी ऑर्डर मागा. कुणाची गाडी तपासायची, कुणाची नाही, खाली कंपनीच्या अधिकाऱ्याची सही. ती केबिनमध्ये चिकटवा. कुणी चिडलं तर बोट तिकडे दाखवा आणि वेळ, गाडीचा नंबर रजिस्टरमध्ये लिहा. वाद घालू नका.

हे पत्र वाचणाऱ्या मॅनेजरांनाही सांगायचं आहे. खाजगी सुरक्षा एजन्सींचा कायदा २००५ चा आहे. केंद्राच्या आदर्श नियमांप्रमाणे रक्षकाला शंभर तास वर्गात आणि साठ तास प्रत्यक्ष, असं प्रशिक्षण मिळायला हवं. तुमच्या गेटवरच्या माणसाला विचारा, त्याला किती मिळालं. मी विचारत असे. बहुतेकांना गणवेश, शिट्टी आणि ‘उद्यापासून या’ एवढंच मिळालेलं असे. बारा तासांची ड्यूटी, रिलीव्हर आला नाही तर चोवीस. बसायला खुर्ची नाही, जवळ मुतारी नाही, पाण्याची बाटली घरून आणलेली. या माणसाने एखादी गाडी तिसऱ्यांदा गेटसमोरून हळू गेली हे टिपावं, अशी आपली अपेक्षा आहे. खुर्ची द्या, दर दोन तासांनी पॉइंट बदला, आणि त्याने काही सांगितलं तर कुणीतरी ऐकून घेईल असा एक फोन नंबर द्या. यासाठी टेंडर काढावं लागत नाही.

माझा पेंट आणि थिनरचा छोटा कारखाना आहे, साठ कामगार. आमच्यासारख्याच्या दारात दहशतवादी कशाला येतील? हा खर्च मोठ्या कंपन्यांनी करावा.
— उद्योजक, अंबड, नाशिक

तुमच्या दारात कदाचित कधीच येणार नाहीत. पण तुमच्या गोदामात येऊ शकतात, माल घ्यायला. रसायनांच्या साठ्याची रोजची नोंद, दोन माणसांच्या सह्या, आणि रोखीत, नव्या नावाने, नेहमीपेक्षा जास्त माल मागणाऱ्या गिऱ्हाइकाची पोलीस ठाण्याला खबर, एवढं तरी कराच. कंपनीच्या नावाचा टेम्पो चोरीला गेला तर त्याच तासाला तक्रार द्या. ओळखीचं नाव रंगवलेली गाडी कुठल्याही गेटमधून आत जाते.

मग विमा. आगीची पॉलिसी आहे म्हणून निर्धास्त राहू नका, दहशतवादी कृत्याने होणाऱ्या नुकसानीचं संरक्षण त्यात वेगळं घ्यावं लागतं. ९/११ नंतर जगभरच्या पुनर्विमा कंपन्यांनी, म्हणजे विमा कंपन्यांचाच विमा उतरवणाऱ्यांनी, हात आखडता घेतला, तेव्हा भारतातल्या विमा कंपन्यांनी एप्रिल २००२ मध्ये मिळून एक सामायिक निधी उभा केला. तो आपल्या मुंबईतली जीआयसी ही सरकारी पुनर्विमा कंपनी सांभाळते. तुमच्या पॉलिसीत ते कलम आहे का, ते आजच काढून बघा. आणि एजंटाला आणखी एक विचारा: माझी भिंतही पडली नाही, पण पोलिसांनी रस्ता बंद केल्यामुळे दहा दिवस धंदा बुडाला, तर काय? या प्रश्नाचं उत्तर लेखी घ्या.

आता ड्रोन आहेत, कृत्रिम बुद्धिमत्ता आहे. गेट, रजिस्टर, जिने या गोष्टी जुन्या झाल्या असं वाटत नाही का? पुढचा धोका कसा असेल?
— निवृत्त बँक अधिकारी, सांगली

धोका बदलतो आहे, हे तुमचं खरं. १४ सप्टेंबर २०१९ ला सौदी अरेबियात अबकैकच्या तेल केंद्रावर ड्रोन आणि क्षेपणास्त्रांचा हल्ला झाला आणि त्या देशाचं निम्मं तेल उत्पादन काही काळ थांबलं. जबाबदारी येमेनच्या हौथी बंडखोरांनी घेतली, सौदी आणि अमेरिकेने बोट इराणकडे दाखवलं. हल्ला दहशतवाद्यांचा की एखाद्या देशाचा, हे कंपनीला कळतही नाही अशा काळात आपण आलो आहोत. जून २०२१ मध्ये जम्मूच्या हवाई दलाच्या तळावर ड्रोनने स्फोटकं टाकली. म्हणजे भिंतीची उंची वाढवून भागणार नाही. गच्चीवर काय आहे, पाण्याच्या टाक्या, चिलर, डिझेलचा साठा, हेही आता बघायला हवं.

संगणकाचं उदाहरण आपल्या उरणच्या दाराशीच आहे. जून २०१७ मध्ये युक्रेनमधून पसरलेल्या एका व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा जगभर बंद पाडली आणि जेएनपीटी बंदरातल्या त्यांच्या टर्मिनलचं काम अडलं. तो दहशतवादी हल्ला नव्हता, पाश्चात्त्य देशांनी त्याबद्दल रशियाच्या लष्कराला जबाबदार धरलं. पण उद्या तेच हत्यार कुणाच्याही हातात असू शकतं. त्या कंपनीला दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. तोपर्यंत काम चाललं ते कागद, फोन आणि माणसांच्या आठवणीवर. म्हणून रजिस्टर जुनं झालं असं मी म्हणणार नाही.

मला स्वतःला सगळ्यात जास्त भीती आवाजाची वाटते. मी तीस वर्षं माणसं आवाजावरून ओळखली. एमडींचा फोन आला की ‘हॅलो’च्या आत ओळखायचे. आता कुणाचाही आवाज हुबेहूब बनवता येतो. ‘मी साहेब बोलतोय, मागचं गेट उघडा’, ‘सगळ्यांना तळघरात पाठवा’, असा फोन आला तर? यावर माझ्याकडे एकच उपाय आहे आणि तोही जुनाच: फोन ठेवायचा आणि आपल्या वहीतल्या नंबरवर आपण उलटा फोन करायचा. साहेबांनी त्याबद्दल कधी रागवायचं नाही, हे आधीच ठरलेलं असावं.

आणि धोका नेहमी नव्या यंत्राचाच असतो असंही नाही. १४ जुलै २०१६ ला फ्रान्समधल्या नीस शहरात एका माणसाने भाड्याचा ट्रक गर्दीत घालून ८६ जणांना मारलं. मँचेस्टरच्या संगीत कार्यक्रमात २०१७ साली बॉम्बने २२ जण गेले. त्यातल्या मार्टिन नावाच्या तरुणाच्या आईने, फिगन मरे यांनी, अनेक वर्षं पाठपुरावा केला आणि २०२५ मध्ये ब्रिटनने कायदा केला: दोनशे किंवा अधिक माणसं जमू शकतात अशा सार्वजनिक जागांच्या चालकांनी हल्ल्याच्या वेळी काय करायचं ते आधी ठरवलेलं असलंच पाहिजे. छोट्या जागांकडून त्यात महागडी यंत्रं मागितलेली नाहीत. लोकांना बाहेर कसं काढाल, आत कसं ठेवाल, दारं कशी लावाल आणि त्यांना कसं कळवाल, एवढंच विचारलं आहे. असा कायदा आपल्याकडे व्हावा, असं मला मनापासून वाटतं.

माझा मुलगा परदेशात गॅस प्रकल्पावर नोकरी करतो, वाळवंटी भागात. कंपनी म्हणते तिथे लष्कराचा पहारा आहे. मी निश्चिंत राहू का?
— एक आई, रत्नागिरी

वहिनी, १६ जानेवारी २०१३ ला अल्जीरियात इन अमेनासच्या गॅस प्रकल्पावर हल्ला झाला, चार दिवस वेढा होता, सुमारे चाळीस कामगार मारले गेले. बाहेर लष्कर होतं. नंतर नॉर्वेच्या स्टॅटऑइल कंपनीने चौकशी करून अहवाल उघडपणे छापला आणि कबूल केलं की बाहेरच्या लष्करी पहाऱ्यावर फार भिस्त ठेवली गेली. तिथेही एका तरुण गेटमनने मरता मरता धोक्याची घंटा वाजवली, त्यामुळे बरेच जण लपू शकले.

मुलाला चार गोष्टी विचारा. लपायची जागा कुठली? सराव शेवटचा कधी झाला? कंपनीकडे तुमचा नंबर आहे का, आणि तुम्हाला फोन कोण करणार, कुठल्या भाषेत? त्या अधिकाऱ्याचं नाव तुमच्या वहीत हवं. आणि कामाच्या जागेचे फोटो त्याने कुठेही टाकू नयेत. एवढी उत्तरं नीट मिळाली तर झोप थोडी बरी लागेल.

मी रिसेप्शनवर काम करते. ‘ऑफिसात बॉम्ब ठेवलाय’ असा फोन आला. मी घाबरून फोन ठेवून दिला. खोटाच निघाला, पण सगळे मला हसतात. अशा वेळी काय करायला हवं होतं?
— वाचक, कोल्हापूर

फोन धरून ठेवायचा. समोरच्याला बोलू द्यायचं. कुठे ठेवलाय, कधी फुटणार, दिसतो कसा, का ठेवला, हे विचारायचं आणि त्याचे शब्द जसेच्या तसे लिहायचे. बाई की पुरुष, वय, बोलीचा हेल, मागे रेल्वेचा आवाज आहे का, अजान, भोंगा, मुलं. शेजारच्या मैत्रिणीला खुणेने बोलवायचं, तिने दुसऱ्या फोनवरून ११२ लावायचा. संशयास्पद वस्तू दिसली तर हात लावायचा नाही आणि तिच्याजवळ मोबाइल किंवा वॉकीटॉकी वापरायचा नाही. खोटा आहे हे आपण ठरवायचं नाही, ते पोलीस ठरवतील. ईमेल आला तर पुसू नका, पुढेही पाठवत बसू नका.

हे सगळं पोस्टकार्डाएवढ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फोनच्या खाली चिकटवा. सोबत पेन्सिल बांधून ठेवा, पेन ऐनवेळी लिहीत नाही.

ताजमधल्या टेलिफोन ऑपरेटरांना त्या रात्री बाहेर काढलं होतं. त्या पुन्हा आत गेल्या, बोर्डावर बसल्या आणि खोल्याखोल्यांत फोन करून पाहुण्यांना काय करायचं ते सांगत राहिल्या. सीएसटीवर विष्णू झेंडे उद्घोषणा करत राहिले, प्रवाशांना हल्लेखोरांपासून लांबच्या वाटेने बाहेर जायला सांगत राहिले. हे मी तुम्हाला लाजवण्यासाठी सांगत नाही. तुमचं काम केवढं मोठं आहे हे तुमच्या ऑफिसला कळावं म्हणून सांगते. हसणाऱ्यांना हे पान दाखवा.

आणि फोन ठेवून दिलात त्याचं मनाला लावून घेऊ नका. १९९३ च्या त्या शुक्रवारनंतर आठवड्याभरात आमच्या बोर्डावर असाच फोन आला होता. मीही ठेवून दिला होता. कार्ड मी त्या रात्री घरी बसून बनवलं.